सहा फूट सिमेंट

भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या साइटवर आलो. सोमवारी काळ्या दगडांची खडबडीत भिंत सोडून गेले होते. गुरुवारी तिच्या जवळजवळ प्रत्येक सांध्यात करड्या सिमेंटची रेघ होती. रेघा एकसारख्या, कडा ओल्या ब्रशने पुसून घेतलेल्या. काम देखणं होतं आणि घराला घातक होतं.

"कसं झालंय ताई?" निवृत्ती गवंडी हात पुसत पुढे आला. "तुमच्या घरी दुःखाचं कार्य. म्हनलं, ताई माघारी येईस्तवर दरजा भरून टाकू. आमच्याकडनं तेवढंच."

माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. म्हणून तीन दिवस मी पुण्यातच होते. निवृत्तीच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या तोंडून "छान झालंय" एवढंच निघालं. मग मी दगडांच्या ढिगावर बसले.

साइट मुळशीत, भरे गावाच्या पुढच्या डोंगरउतारावर. हिंजवडीत नोकरी करणारा नितीन, त्याची बायको, दोन मुली आणि अकोल्याहून कायमचे राहायला येणारे वडील, असं पाच जणांचं घर. जेसीबीने डोंगर सपाट करायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. उतारात एक अरुंद पायरी खणली. निघालेल्या मातीत भाताचं तूस कालवून उन्हात विटा वाळवल्या. निघालेला दगड जोत्याला आणि मागच्या भिंतीला वापरला.

ही मागची भिंत म्हणजे रिटेनिंग वॉल. तिचं काम एकच, वरचा डोंगर अडवून धरायचा. ती आम्ही कोरडी रचली होती. कोरडी म्हणजे दगडावर दगड, फटीत कपच्या, बाकी काही नाही. पाठीमागे खडीचा थर. लोकांना वाटतं, भिंतीला माती ढकलते. खरा जोर पाण्याचा असतो. डोंगरातलं पाणी भिंतीमागे साठलं की ते भिंत पुढे लोटतं. फटी मोकळ्या असल्या की पाणी झिरपून जातं आणि भिंत सुखाने उभी राहते. निवृत्तीने पाण्याची वाटच बुजवली होती.

त्या भिंतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, माधवने काढला होता. मी आर्किटेक्ट, तो, माझा नवरा, स्ट्रक्चरल इंजिनिअर. ऑफिस आम्ही दोघांनी मिळून चालवलं. ते त्याचं शेवटचं ड्रॉइंग.

आणि शनिवारी परीक्षा होती. नितीनच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी काढली होती. मातीच्या घरावर त्यांचा विश्वास नव्हता.

"मॅडम, तुम्ही हे काहून करून राहिले? सरळ आरसीसी टाका," ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. शेवटी त्यांनीच अट घातली. भिंतीमागे तीन टँकर पाणी ओतायचं. भिंत हलली तर मातीचं घर रद्द, आरसीसीचा बंगला. नितीनने मान डोलावली होती. मीही.

मी निवृत्तीला जवळ बोलावलं. "निवृत्ती, हे सगळं सिमेंट काढावं लागेल."

त्याचा चेहरा पडला. "काढायचं? आवो, शिमिटानं भिंत घट व्हती का कच्ची?"

त्याची आई हौसाबाई पलीकडे विटांची माती तुडवत होती. तिथूनच ओरडली, "तुज्या बापानं खाचराचं बांध घातलं, त्यात किती शिमिट घातलं रं?"

"आये, ते बांध हायेत. ह्यो बंगला हाय."

"पान्याला काय कळतंय, बांध का बंगला? वाट दिली तर जातंय, न्हाई तर फोडून जातंय. व्हय का न्हाई वो ताई?"

पाच वर्षं कॉलेजात जे शिकले ते तिने दोन वाक्यांत सांगितलं.  निवृत्ती छन्नी शोधायला गेला.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत चार माणसं सांधे उकरत होती. भिंत चाळीस फूट लांब. काम फार हळू चाललं, कारण कपच्या हलवायच्या नव्हत्या. शनिवारी सकाळी काका आले तेव्हा डावीकडच्या कोपऱ्यातले सहा फूट राहिले होते. नेमका तोच कोपरा खोलगट. पाणी तिकडेच गोळा होणार.

मी काकांना सगळं सांगितलं. दोन दिवस मागितले.

"टँकर आले आहेत," ते म्हणाले. "पाऊस तुम्हाला दोन दिवस देणार आहे का?"

त्यांनी स्वतः भिंतीवरून चार ठिकाणी दोरीला लटकणारे ओळंबे सोडले. प्रत्येक ओळंब्यामागे दगडावर खडूची खूण केली. पहिला टँकर रिकामा झाला. काही झालं नाही. दुसरा अर्धा झाला आणि भिंतीला पाझर फुटला. फटीफटीतून पाणी आलं, स्वच्छ, मातीचा कणही नाही. खालच्या चरातून ओढ्याकडे वाहू लागलं. नितीनच्या मुली चपला काढून त्यात उतरल्या.

तिसरा टँकर चालू असताना काका डाव्या कोपऱ्याशी वाकले. "मॅडम, इकडे या. भिंत हलली."

खरंच हलली होती. ओळंबा आणि खूण यांत दोन सूत, म्हणजे पाव इंच फरक होता. सिमेंटच्या रेघेला तडा होता. नितीन माझ्याकडे बघेना. 

"सायेब," निवृत्ती म्हणाला, "बाकीचं तीन वळंबं बगा की."

काका गेले. तिन्ही ओळंबे खुणेवर होते, सूतभरही फरक नाही. ते परत आले. तड्यावरून बोट फिरवलं, मग शेजारच्या वाहत्या फटीत तळहात धरून बराच वेळ उभे राहिले.

"म्हणजे जिथे तुमची चूक आहे तिथेच हलली."

"माजी चूक, सायेब," निवृत्ती म्हणाला. "ताईंची न्हाई."

"असं बाप्पा! मग बघता काय? फोडा ते सहा फूट. छन्नी आणा एक मलाही."

त्यांनी खरोखर तासभर छन्नी चालवली. निवृत्ती त्यांना, "सायेब, कपची जपून, कपची," असं दर मिनिटाला बजावत होता. दुपारी त्या कोपऱ्यातला शेवटचा सांधा उघडला आणि मागे तुंबलेलं पाणी काकांच्या धोतरावर आलं. हौसाबाई पोट धरून हसली. मीही हसले, वर्षात पहिल्यांदाच मोठ्याने. हललेले दगड सोमवारी उतरवून पुन्हा रचले.

मातीचंच घर उभं राहिलं. मुळशीचे दोन पावसाळे त्याने काढले. आता नातेवाईक आले की काका त्यांना आधी घराच्या मागे नेतात आणि भिंतीला सिमेंट का नाही ते समजावतात. अकोल्यापासून मुळशीपर्यंत सगळ्यांना ती युक्ती त्यांचीच वाटते. मी खोडून काढत नाही.

माझ्या ड्रॉइंगमध्ये मात्र बदल झाला. काय करायचं ते आम्ही आर्किटेक्ट इंचाइंचाने लिहितो. काय करायचं नाही, ते समोरच्याला ठाऊक असेल असं धरून चालतो. आता मी तेही लिहिते, मराठीत आणि ठळक अक्षरात.