नसा साफ हाय!

आमच्या गावातल्या वडीलधाऱ्यांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. दोन म्हातारे एका खाटेवर टेकले की किस्सा तयार. अक्कल मात्र होती तेवढीच राहते!

गडचिरोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, आणि मी बी.एस्सी. सोडून पोंभुर्ण्याजवळ गावी बसलो होतो. रिकामा म्हणून पोट फुगलेल्या बाबांना एसटीनं गडचिरोलीला न्यायचं काम माझ्याकडे.

डॉक्टरांनी पोट दाबलं. "लिव्हर दगडासारखं झालंय."

बाबांची छाती फुगली. "म्हंजे मजबूत हाय न, साहेब?"

"मजबूत नाही, निकामी व्हायला आलंय! दारू बंद!"

*

घरी आईनं विचारलं, लिव्हर म्हणजे काय? मी म्हटलं, काळीज.

झालं! संध्याकाळपर्यंत गावभर बातमी: पोरानं कॉलेज सोडलं म्हणून बापाचं काळीज गेलं! आत्या धावतच आली, "बापाचं काळीज काऊन खाऊन राह्यला रे?"

मोहाची दारू प्यायले बाबा, आरोपी मी!

*

दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "पूर्वी असा समज होता, की लिव्हर असं कडक झालेल्यांच्या हृदयाच्या नसा साफ राहतात. त्यावर जाऊ नका. त्याही बिघडतात."

नको तिथं बहिरं होणं ही आमच्या म्हाताऱ्यांची खास विद्या. गावात उतरताच बाबांची आरोळी: "नसा साफ हाय! डाक्टरच म्हणे!"

*

ती ऐकली गुलाबभाऊंनी. बाबांचे जिवलग दोस्त, रिटायर्ड फॉरेस्ट गार्ड, हार्टचे पेशंट. त्यांनी औषध म्हणून मोहाची सुरू केली!

मला समजावतात, "पाइपात ॲसिड टाकलं तं कचरा निघते का नाई?"

"निघते न भाऊ. संग पाइपबी निघते!"

"कालेज सोडलेल्यानं आमाले शिकवू नाई!" असं म्हणणारे गुलाबभाऊ स्वतः मॅट्रिक नापास.

*

एक दिवस गुलाबभाऊंच्या छातीत कळ आली. पुन्हा गडचिरोली. पुन्हा मीच, सोबत बाबाही.

डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं घेता?"

"मोहाचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खाटेवरच्या दोस्ताकडे पाहून बाबांचा चेहरा उतरला. "साहेब, माह्या नसा तं साफ हाय न?"

"असं मी कधी म्हटलं? आणि लिव्हर गेल्यावर त्या नसांचं करणार काय?"

परतीच्या एसटीत बाबा मुकाट. इतका निवांत प्रवास मी आजवर केला नव्हता.

*

आम्ही बौद्ध. पौर्णिमेला विहारात सगळे मिळून पंचशील म्हणतो. बाबांचा आवाज सर्वांत मोठा. चार शीलं ठणठणीत, पण दारू न पिण्याचं पाचवं आलं की हमखास खोकला! वर्षानुवर्षं हेच. आई मान खाली घालून बसायची.

त्या पौर्णिमेला मी बाबांच्या मागेच होतो. शेजारी बरे होऊन आलेले गुलाबभाऊ. चौथं शील झालं. आईनं मान खाली घातली.

बाबांनी पाचवं अख्खं म्हटलं. खणखणीत!

आणि शेजारून खोकला आला.

बाबा सावकाश वळले. "काऊन गा गुलाब, नसा तुंबल्या का?"