ओढायला कोण येणार

आर्तेमियोकाका गेला त्याला आता महिना होईल. आमच्या बेटावर नवरा-बायको पहिलं घर बघायला निघाले की आधी त्याच्याकडे यायचे. तो सांगायचा, खालच्या तुळया चाकूनं टोचून बघा, पावसाच्या अंगाच्या फळ्या बघा, आणि किंमत विचारायच्या आधी ओढायला कोण येणार ते बघा. आमच्याकडे, चिलीच्या दक्षिणेला चिलोएत, घरं लाकडाची. घर एकाचं घ्यायचं, बैल लावायचे नि ओढत आपल्या जागेवर न्यायचं. सगळं गाव येतं, पैसा कोणी घेत नाही, जेवून जातात. त्याला मिंगा म्हणतात.

पण एदितानं, त्याच्या सख्ख्या पुतणीनं, त्याला विचारलंच नाही. ती नि तिचा नवरा नोल्बेर्तो सहा वर्षं पलीकडे पुएर्तो मोंत शहरात मासळीच्या कारखान्यात होते. परत आली तेव्हा तिला दिवस गेलेले, आणि आल्या आल्या एका विधवेचं घर घेऊन मोकळे झाले. छान घर, चुलीसकट. फक्त खालची जमीन दुसऱ्यानं घेतलेली. तो म्हणाला, हिवाळ्याचा पाऊस लागायच्या आत हलवा, नाहीतर मी सरपण करीन.

काकानं विचारलं ओढणार कोण, तर नोल्बेर्तो म्हणाला ट्रक सांगू.

"ओढ्याच्या वळणावर ट्रक? आधी ट्रक ओढायला बैल लागतील, जावईबापू."

मग काका त्यांना घेऊन घरोघर गेला. चुलीपाशी बसायचं, माते, म्हणजे पानांचा कडू चहा, प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं नि मग विनंती करायची. प्रत्येक जण म्हणाला, बघू की, हवा कशी असते त्यावर. नोल्बेर्तो दर घरातून खुशीत बाहेर पडायचा, येतो म्हणाले म्हणून. काका मात्र मान हलवत मागनं यायचा. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. हवेवर ढकलतात.

सान्दालिओ तेवढा स्पष्ट बोलला. त्याची बैलजोडी बेटावर सगळ्यात दांडगी, तिच्याशिवाय चढ चढणं अवघड. त्यानं काकाला एकट्याला कुंपणापाशी थांबवलं.

"आर्तेमियो, दोन वर्षांमागं माझ्या मिंगाचं बोलावणं तुझ्या जावयाला गेलं होतं. त्यानं फोनवर अंगठा पाठवला नि आला नाही. आता मीही अंगठाच पाठवू का?"

खरंच होतं ते. घरी आला तर एदिता हिशोबात, दोन मेंढ्या पुरतील का, बटाट्याचे मिल्काओ किती थापायचे, सफरचंदाची आंबवलेली चिचा प्यायला कुणाकडून आणायची. छातीत दुखायचं त्याला, तेव्हापासूनच जास्त दुखायला लागलं असं मला वाटतं. दोन-तीन दिवसांनी सांगितलं तिला, कोणी येणार नाहीये म्हणून.

ती रडली. म्हणाली पैसे देऊ, बैलाला एवढे, माणसाला एवढे.

"पैसे काढलेस तर आजच काय, कधीच कोणी येणार नाही," काका म्हणाला. "बटाटे काढायचे दिवस आहेत. कुदळी घ्या नि लोकांच्या शेतात जा. घराचं नावसुद्धा काढू नका."

गेले दोघं. ती वाकू शकत नव्हती, तर बसून बटाटे निवडायची. पहिल्या दिवशी कोणी धड बोललं नाही. पुढं जेवायला वाढायला लागले, पण घराचा विषय कोणी काढला नाही, नि ह्यांनीही नाही. नोल्बेर्तोच्या हाताची सालटी निघाली. सान्दालिओच्या शेतातही गेला तो, सान्दालिओनं नुसती सरी दाखवली, इथनं सुरू कर म्हणून. काका रोज फाटकाशी उभा राहून दक्षिणेकडचे ढग बघायचा. जमीनवाला दोनदा येऊन घराभोवती फिरून गेला, हातात कुऱ्हाड नव्हती एवढंच.

शनिवार ठरला. घराखाली दोन लांब ओंडके घातले, साखळ्या अंथरल्या. सकाळी तिथं काकाची म्हातारी जोडी तेवढी उभी. नोल्बेर्तोनं विचारलं, येतील ना. काका म्हणाला गप बस. आणि वाकून साखळ्यांच्या कड्या पुन्हा तपासल्या.

मग टेकडीवरून एक जोडी उतरली. मागनं दुसरी. एकेक जण येऊन जू अडकवत गेला. सान्दालिओ सगळ्यांच्या शेवटी आला नि आपली जोडी सगळ्यांच्या पुढं लावली.

"तू बैलांपुढं चाल," तो नोल्बेर्तोला म्हणाला. "घर तुझं आहे, मागं काय लपतोस."

ओढ्याच्या वळणावर घर असं कललं की खिडक्या वाजल्या, आतली चूल घसरली. पण साखळी टिकली. दुपारी घर जागेवर आलं, लोक जेवायला बसले. काका जेवला नाही. एदिताला बाजूला घेऊन म्हणाला, सान्दालिओच्या गोठ्याचं छप्पर जूनमध्ये बदलायचं आहे, नवऱ्याला सांग, बोलावण्याची वाट बघू नको.

जूनमध्ये नोल्बेर्तो त्याच छपरावर होता, तेव्हा एदिताचा फोन आला, काका गेला. हिवाळ्याचा पाऊस लागलेला. अर्धं छप्पर उघडं टाकून तो नि सान्दालिओ दोघंही आले, आणि काकाच्या शवपेटीच्या फळ्यांवर रंधा सान्दालिओनंच मारला.