नवव्या खंडाच्या मळक्या कडा

नारायण पेठेतल्या परचुऱ्यांच्या वाचनालयाची पुस्तकं बांधण्यात सुगराबींची चाळीस वर्षं गेली. आपण शिवलेलं पान आजवर सुटलेलं नाही, हे त्या कुणालाही ठणकावून सांगत.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी परचुरे एक कोरा कागद चिकटवत. त्यावर मत लिहिल्याशिवाय वाचकाला पुढचं पुस्तक मिळत नसे. हल्ली वाचक म्हणजे बहुतेक आयटीतली पोरंपोरी, आणि त्यांना हवी असायची जादूगार-ड्रॅगनची एक लांबलचक इंग्रजी मालिका. तिच्या नवव्या खंडाची मूळ बांधणी वर्षभरात खिळखिळी झाली, म्हणून परचुरे तो घेऊन सुगराबींकडे आले.

"सगळ्यांनी शिव्या घातल्यात," ते वैतागून म्हणाले. "गोष्ट पुढे सरकत नाही, तीनशे पानं सगळे नुसते चालतायत, अर्ध्यात सोडलं... दहावा खंड मागवू की नको?"

सुगराबींना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी पुस्तक उजेडात धरलं आणि पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला. न वाचलेल्या पानांच्या कडा करकरीत राहतात. इथे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या मळल्या होत्या, आणि शेवटच्या पन्नास पानांवर तर चहाचे डागही होते.

"साफ खोटं बोलतात," त्या फणकारल्या. "अर्ध्यात कुणीही सोडलेलं नाही. दहावा मागवा."

"अहो, पण ही मतं..."

"मतं तुम्ही वाचा, परचुरेसाहेब. पानं मी वाचते. आणि दहाव्याला मागे चार कोरी पानं मीच शिवून देईन. एवढ्या शिव्यांना तुमचा एक कागद पुरायचा नाही!"