तिसऱ्या फेरीची गाठ

हरेश्वर गेल्याचा निरोप मला वाणगावला तिसऱ्या दिवशी मिळाला. हरेश्वरच्या गावाहून, घिवलीहून मासळी घेऊन येणाऱ्या बाईनं टोपली खाली टेकवता टेकवता सांगितलं, "तुमचा दोस्त गेला. बुधवारी." मी तेव्हा तिचे बोंबील आजचे की कालचे यावरून हुज्जत घालत होतो. निरोप कानावर पडल्यावरही तोंडातलं वाक्य मी पुरं केलं, बोंबील निवडून घेतले आणि ती गेल्यावर ओट्यापाशी उभा राहिलो. सून म्हणाली, बाबा, तुमचे हात ओले आहेत, आधी पुसा. तेव्हा कुठे मला कळलं की काय झालंय. त्या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. दिवसकार्याला मी गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो हे खरं, पण कारण ते नव्हतं.

हरेश्वरची नि माझी ओळख तारापूरची. तिथं वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं ते दिवस. मी सांगलीकडून आलेला, एका ठेकेदाराकडे टाइमकीपर, बोईसरला खोली करून राहणारा. कामगार दोन मिनिटं उशिरा आला की त्याच्या नावापुढे लाल शाईची खूण करण्यात मला कोण आनंद व्हायचा. नाकासमोर चालणारा माणूस अशी माझी ख्याती होती आणि ती मला फार आवडायची. हरेश्वर खलाशी खात्यात होता, म्हणजे दोर बांधून जड लोखंड उचलणाऱ्यांत. त्याचे वडील तांडेल, स्वतःच्या होडीचे कप्तान. कोळ्याच्या पोराला दोराची गाठ शिकवावी लागत नाही म्हणून मुकादमानं त्याला पहिल्याच दिवशी उचललं होतं. तो जवळजवळ रोज उशिरा यायचा आणि माझ्या लाल खुणेकडे बघून म्हणायचा, "वसंता, भरतीला तुझं घड्याळ कलत नाय." महिनाभर मी त्याच्यावर चिडलो, मग चिडणं जमेना.

परदेशी इंजिनियरांच्या वसाहतीत शनिवारी संध्याकाळी मैदानात पांढरा पडदा ताणून सिनेमा दाखवत. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, पडद्यामागे वाळूत आम्ही. सिनेमाच्या आधी बॉक्सिंगच्या लढतींची रिळं लावत, काही आमच्या जन्माआधीची जुनाट, पाऊस पडल्यासारखी रेघाळलेली, तर काही अगदी वर्षा-दोन वर्षांतली. इंग्रजी समालोचन आम्हाला ओ की ठो कळत नसे. पण एका गोऱ्या फोरमननं बोटांवर मोजून समजावलं होतं, फेरी जिंकेल त्याला दहा, हरेल त्याला नऊ. झालं. मी शंभर पानी वही केली आणि प्रत्येक फेरीचे गुण मांडू लागलो. हरेश्वर वहीला हसला. त्यानं जाळ्याच्या दोऱ्याचा हातभर तुकडा घेतला, मधोमध लाल चिंधी बांधली. चिंधीच्या एका अंगाला एक बॉक्सर, दुसऱ्या अंगाला दुसरा. फेरी संपली की जिंकणाऱ्याच्या अंगाला एक गाठ. लढत संपली की दोन्हीकडचा उरलेला दोरा दातानं तोडायचा, निकाल बंद. पडद्यावर पंच हात वर करायच्या आधी आम्ही एकमेकांना आपापला निकाल दाखवायचो. तीन हिवाळे आम्ही लढती पाहिल्या असतील, आमचा निकाल कधी वेगळा आला नाही. पडद्यावरच्या पंचांचा मात्र बऱ्याचदा चुकायचा... असं आमचं मत.

पुढे मला हेड टाइमकीपरची बढती मिळाली आणि एका शनिवारी पुढची खुर्ची मिळाली. तिथून पाहिलं तर सगळे बॉक्सर उलटे! मागून पाहताना जे डावखुरे वाटत होते ते पुढून उजवे. आम्ही इतकी वर्षं आरशातल्यासारखं पाहत होतो. यात हसण्यासारखं होतं, पण अडचणही होती, कारण हरेश्वर नुसता बघत नव्हता. खलाशी खात्यातल्या पोरांबरोबर वाळूत सराव करता करता तो बॉक्सिंग शिकला होता, सगळं त्या पडद्यामागून. उजव्या हाताचा माणूस, पण उभा राहायचा उजवा पाय पुढे टाकून, उजवा हात पुढे धरून. मी धावत जाऊन त्याला सांगितलं. त्यानं स्वतःच्या मुठींकडे बघितलं आणि म्हणाला, आता हात असंच शिकलेत, त्यांना परत कोण शिकवणार. मग त्यानं मला विचारलं की पुढच्या खुर्चीवर बसायला बरं वाटतं का. मी हो म्हणालो. पुढच्या शनिवारी मी परत मागे जाऊन बसलो, पण मधूनमधून पुढे बसायचोच.

प्रजासत्ताकदिनाच्या खेळांत त्या वर्षी पहिल्यांदाच बॉक्सिंग ठेवलं. तीन फेऱ्या, हातमोजे साहेबांचे. शेवटच्या लढतीत वेल्डिंगचा बलदेव आणि आमचा हरेश्वर. जिंकणारा मुंबईला कारखान्यांच्या स्पर्धेत जाणार होता. हरेश्वरच्या घरी यावरून वेगळंच ठरलं होतं. वडिलांना तो होडीवर परत हवा होता, त्यांची छाती आता साथ देत नव्हती. हरेश्वरनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, मुंबईला गेलो तर नोकरीत राहीन, नाही गेलो तर तुमच्याबरोबर समुद्रावर. हे मला माहीत होतं. कामावरच्यांत मला एकट्यालाच माहीत होतं.

पंच तिघं. गोरा फोरमन, एक कामगार कल्याण अधिकारी आणि वहीमुळे प्रसिद्ध झालेला मी. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये वेल्डिंगवाले माझ्या देखत म्हणाले, "टाइमकीपर तो उसका यार है, फैसला हो चुका." कोणी मारलं असतं तर इतकं लागलं नसतं. रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं.

पहिली फेरी बलदेवची. दुसरी हरेश्वरची, त्याच्या त्या उलट्या उभं राहण्यानं बलदेव गोंधळून गेला होता. तिसरी... तिसरी मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. बलदेव पुढे पुढे येत होता, आवाज त्याच्या बाजूनं होता, पण ठोसे लागत होते हरेश्वरचे. स्वच्छ, एकामागून एक. पडद्यामागे बसलो असतो तर मी बोलता बोलता दहा-नऊ लिहून मोकळा झालो असतो. मी पेन्सिल धरली आणि वेल्डिंगवाले माझ्याच तोंडाकडे बघत होते. मी मनाशी म्हणालो, हरेश्वरची उभं राहायची पद्धतच चुकीची आहे, तो शास्त्राला धरून खेळत नाही. ज्या पडद्यामागे ती पद्धत तयार झाली तिथं मी त्याच्या शेजारी बसलो होतो, तरी मी असं म्हणालो. आणि लिहिलं, बलदेव दहा, हरेश्वर नऊ.

फोरमननं हरेश्वरला दिलं होतं, अधिकाऱ्यानं बलदेवला. निकाल माझ्या कागदानं लागला. वेल्डिंगवाल्यांनी येऊन माझा हात दाबला, आदमी सच्चा है म्हणाले. तिन्ही कागद सह्यांसकट नोटीस बोर्डावर लावले. हरेश्वर दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिला, मग माझ्या खिडकीपाशी आला. मला वाटलं आता शिव्या देईल. तो म्हणाला, "आज लाल शाई नाय ना?" पंधरा दिवसांत नोकरी सोडून तो होडीवर गेला.

मैत्री तुटली नाही. तुटली असती तर कदाचित बरं झालं असतं. तो बाजाराला बोईसरला आला की माझ्या खोलीवर सुकट ठेवून जायचा. माझ्या लग्नात त्यानं तीन दिवस राबून मांडव घातला. केंद्र सुरू व्हायच्या सुमारास परदेशी लोक परत निघाले, त्यांचा शेवटचा सिनेमा पाहायला आम्ही दोघं पुन्हा पडद्यामागे वाळूत बसलो. लढत अटीतटीची झाली. मी वही दाखवली, त्यानं दोरा दाखवला. निकाल एकच. तो दोरा दातानं तोडत म्हणाला, "आपलं कधी वेगलं येत नाय." आणि मग जरा थांबून, "एकदाच आलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो विचारत होता. तू खरंच तसं पाहिलंस का, एवढंच त्याला हवं होतं. तसं पाहिलं असतं तर त्याची काही तक्रार नव्हती, आणि नसेल पाहिलं तर मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो की गार वारा सुटलाय, चहा मिळतो का बघून येतो. चहा घेऊन आलो तेव्हा पडदा उतरवत होते आणि हरेश्वर त्यांना दोर सोडवायला मदत करत होता. त्यानंतर त्यानं तो विषय कधीही काढला नाही. मला किती संधी मिळाल्या! लग्नं, बारशी, त्याच्या वडिलांचं जाणं, माझी निवृत्ती. प्रत्येक वेळी मी ठरवून जायचो आणि बोंबलाचं कालवण जेवून परत यायचो. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. लोकांनी खरा माणूस म्हणावं म्हणून खोटं लिहिलं आणि ते एका माणसाला सांगायला उभा जन्म पुरला नाही.

गेल्या आठवड्यात शेवटी घिवलीला गेलो. हरेश्वरची बायको, जानकीवहिनी, ओसरीवर जाळं सांधत बसल्या होत्या. दिवसांना का आला नाहीत असं त्यांनी विचारलं नाही, पाणी दिलं आणि जाळी ठेवायच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर एका खिळ्याला दोऱ्यांचा झुबका लोंबत होता, लाल चिंध्यांचा. सगळ्या लढती त्यानं जपून ठेवल्या होत्या. वहिनींनी त्यातला एक दोरा वेगळा काढून माझ्या हातात दिला. चिंधीच्या या अंगाला एक गाठ, त्या अंगाला एक. पुढे दोन्हीकडे वीत वीत दोरा तसाच लांब, न तोडलेला.

"ही तेंच्या सोताच्या लढतीची," वहिनी म्हणाल्या. "मी किती येला म्हनलं, पुरी करा नायतर टाकून द्या. तर म्हनायचे, तिसरी गाठ वसंताची हाय. तेनं काय बगितलं ते तोच सांगंल."

मी तिथंच जाळ्यांच्या ढिगावर बसलो आणि रडलो. मग वहिनींना सगळं सांगितलं, कॅन्टीनपासून चहापर्यंत. सांगून झाल्यावर मी विचारलं, यातली कोणती बाजू हरेश्वरची? त्यांनी बोट ठेवलं. मी गाठ मारली. वेळ लागला. वहिनींनी दोरा घेऊन ओढून पाहिला.

"ढिली हाय, भावजी," त्या म्हणाल्या आणि गाठ सोडवून दोरा परत माझ्या हातात दिला.

मी पुन्हा मारली. या वेळी त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. उरलेला दोरा तोडायला मी तो तोंडाशी नेला, पण माझी कवळी, तिला काही ते जमेना. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला, दोन्हीकडून दातानं तोडला आणि इतर लढतींबरोबर खिळ्याला लावला.