लाकडातला चावा

भोसरीत मशिनरी पाठवायच्या लाकडी पेट्या बनवणाऱ्या एका शेडवरून मी रोज कामाला जात असे. तिथल्या वयस्कर सुताराला सगळे चाचा म्हणत. नाव मला कधी कळलं नाही. परदेशातून आलेल्या पाइनची प्रत्येक फळी तो बोटाने ठोकायचा आणि तिला कान लावायचा. एका पेटीचा तळ फुटून त्याच्या भावाचा पाय गेला होता, तेव्हापासूनची ही सवय.

"काय ऐकता?" मी एकदा विचारलं.

"कुणीतरी चावतंय."

हे लाकूड येतं त्या उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलात मोठी हरणं झाडांचे कोवळे शेंडे खातात, असं त्याला एका इंजिनिअरने सांगितलं होतं. खाल्लेलं झाड जखम पोटात घेऊन वाढतं आणि त्याची फळी तिथेच तडकते. आता तिकडची थंडी कमी होत चालली आहे. त्यामुळे नवी झाडं उगवतात, पण त्यातलं कोणतं उंच होणार हे हरणंच ठरवतात.

मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा फोर्कलिफ्ट एक भरलेली पेटी उचलणार होती. त्याने वाकून तळाच्या फळीला कान लावला आणि हात वर केला.

"काय चाचा, झाड बोललं का?" ड्रायव्हर हसला.

"झाड गप हाय. खाणारा अजून चघळतोय. उचलू नको."

पेटी रिकामी करून ती फळी चिरली. आत सालीने वेढलेला काळा चावा निघाला. चाचाने त्यावर अंगठा फिरवला आणि आमच्यासमोर धरला.

भट्टीत वाळवून आणलेल्या त्या लाकडातून त्याचा अंगठा ओला होऊन आला होता.