बघायचे दोनशे

आमच्या स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची भिंत एकच. एका हिवाळ्यात ती स्वयंपाकघराच्या बाजूने ओली दिसायला लागली. आधी तळहाताएवढा डाग होता. सासूबाईंना वाटलं, मीच ओल्या हाताने टेकले असेन. मला वाटलं, त्या टेकल्या असतील. दोघी एकमेकींचा मान राखून गप्प बसलो आणि डाग परातीएवढा झाला. मग गव्हाच्या कोठीमागे बुरशी आली. गच्चीवरची टाकी सकाळी भरावी तर दुपारी नळ नुसता फुसफुस करायचा.

"प्लंबर बोलावू या," मी म्हटलं.

"पहिले भाव ते काढू दे," नाना म्हणाले.

नाना म्हणजे माझे सासरे. बसवर कंडक्टर होते. सगळी नोकरी सुट्या पैशांवरून भांडण्यात गेल्यामुळे कुठलाही भाव ऐकला, की समोरचा माणूस तिकीट न काढता पुढच्या दाराने उतरायच्या बेतात आहे अशी त्यांना शंका येते. माझा नवरा नोकरीला सुरतला, शनिवारी येतो नि रविवारी जातो. मी इथे नंदुरबारला शाळेत शिकवते. त्यामुळे घरातल्या सगळ्या खरेदीविक्रीचं खातं नानांकडे.

त्यांनी सकाळच्या फिरायच्या मंडळात चौकशी केली. एकाने सांगितलं, प्लंबरने तीनशे घेतले. दुसऱ्याने तीन हजार सांगितले. तिसऱ्याने बारा हजार. कोणी काय काम करून घेतलं, हे नानांनी विचारलंच नाही. पहिल्याने गळक्या नळाचा वायसर बदलला होता, दुसऱ्याने नवं बेसिन बसवलं होतं आणि तिसऱ्याने अख्खं न्हाणीघर नवं केलं होतं, हे मला पुढे त्या तिघांच्या बायकांकडून कळलं. नानांनी मात्र तिघांची सरासरी काढली आणि घरी येऊन जाहीर केलं, "सरासरी पाच हजार शंभर पडतस. बठ्ठा लुटारू शेतस!"

मग त्यांनी कोरीटला आपल्या साडूंना फोन लावला. हे सासूबाईंच्या बहिणीचे यजमान. शेतात ठिबकच्या नळ्या पसरणं, विहिरीवरची मोटर बसवणं ही कामं ते हौसेने करतात, आणि गावात लोक त्यांना बोलावतातही.

"त्यासले शेतमधली लाईन येस. घरनी नही येस," सासूबाई म्हणाल्या.

"पानी ते तेच शे ना?" नाना म्हणाले.

साडू आले. एकटे आले नाहीत. बायको, सून आणि नातवंडं, सगळे गाडी करून आले, कारण नंदुरबारला येणं झालंच आहे तर बाजारही होईल. सासूबाई आणि मी सकाळपासून पुऱ्या तळत होतो. शिरा झाला, शेवभाजी झाली. तिकडे साडूंनी भिंतीतली लाईन फोडायची गरजच नाही असं ठरवलं आणि शेतात करतात तशी भिंतीबाहेरून एक नवी पांढरी नळी आडवी-उभी फिरवून दिली. जेवण झालं, पाव्हण्यांना टॉवेल-टोपी दिली, मावशींना साडी दिली, सुनेला ब्लाउजपीस दिला, मुलांच्या हातात खाऊला पैसे ठेवले. गाडी गेल्यावर नाना ओट्यावर बसले आणि समाधानाने म्हणाले, "देख, काम फुकट हुयनं."

सासूबाई कढईतलं उरलेलं तेल गाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले तर गरम पाण्याच्या नळाला बर्फासारखं पाणी. पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. तेवढ्यात शेजारच्या संडासातून नानांची हाक आली. आवाजात घाबरेपणा होता. त्यांनी फ्लशचं बटण दाबलं होतं आणि भांड्यातून वाफ वर आली होती. साडूंनी गच्चीवरच्या सोलरची गरम पाण्याची नळी फ्लशच्या टाकीला जोडून दिली होती. आणि भिंतीवरचा डाग, मूळ दुखणं, जसाच्या तसा होता. उलट आता त्याला एक पिल्लूही झालं होतं.

साडूंना फोन करून सांगायची सोय नव्हती, कारण मध्ये मावशी होत्या. आम्ही आठवडाभर गार पाण्याने आंघोळी केल्या. नानांनी त्यात आरोग्याचे फायदे शोधले आणि नंतर त्यांना सर्दी झाली.

मग मात्र मी कुणाला न विचारता शाळेतल्या एका बाईंकडून प्लंबरचा नंबर घेतला. तो स्कूटीवर आला. पन्नाशीचा गृहस्थ, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. गावातलं जुनं मुसलमान घराणं, वडील हातपंप दुरुस्त करायचे. हा स्वतः आयटीआय केलेला, आणि ही गोष्ट तुम्हाला कळल्याशिवाय राहू नये याची त्याने तजवीज केली होती. मोबाईल उघडला की पहिलं चित्र त्याच्या सर्टिफिकेटचं. "फर्स्ट क्लास," तो म्हणाला, आणि फोन नानांच्या नाकासमोर नीट वाचता येईल इतका वेळ धरला.

मग फाटकातच उभं राहून त्याने सांगितलं, "नाना, देखाना दोनशे लागतीन. काम माले दिनं ते दोनशे त्यामाच जिरी जातीन."

"देखाना पैसा?" नानांचा आवाज चढला. "पोर देखाले गये ते पोहा खावाले भेटतस. तू उलटा पैसा मांगी ऱ्हायना!"

"पोर पसंत नही पडनी ते ते पोहा कोना गयात?" प्लंबर शांतपणे म्हणाला. "खर्च ते कोनीतरी सोसस ना, नाना."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. नानांनी फाटक उघडलं.

त्याने बारकाईने पाहिलं. व्हॉल्व बंद करून पाहिले, भिंतीला कान लावला, टाईलवर बोटं वाजवली. संडासात गेला, फ्लशच्या टाकीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "नाना, आठे गरम पानी कसाले?"

"थंडीना दिवस शेतस," नाना म्हणाले.

प्लंबरने हात रुमालाला पुसला. बाहेर येऊन त्याने भावाचं सगळं उलगडून सांगितलं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की "प्लंबर किती घेतो" हा प्रश्नच अर्धा आहे. काम ठोक द्यायचं तर एक आकडा. गळती लवकर सापडो की उशिरा, त्याचं तो बघेल. हे काम ठोक दीड हजारात करायची त्याची तयारी होती. रोजावर द्यायचं तर आठशे रोज, काम होईल तेवढं होईल. सामान दोन्हीकडे आपलं, दुकानात आपण जायचं, बिल आपण घ्यायचं. फोडलेल्या टाईल पुन्हा बसवायच्या त्यातच, पण रंगरंगोटी आपली.

"रोजवर," नाना ताबडतोब म्हणाले. "एक भोक बुजाडाले कितला टाईम लागी?" आत येऊन मला हळूच म्हणाले, दुपारच्या आत काम संपवतो आणि याला अर्ध्या रोजात वाटेला लावतो.

दुसऱ्या दिवशी प्लंबर कामाला आला. शर्ट खुंटीला टांगून जुना सदरा चढवला. नाना न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. माणूस वेळ घालवतोय का, यावर त्यांना नजर ठेवायची होती. पण नाना कुणासमोर नुसतं बसून राहू शकत नाहीत. चरणमाळच्या घाटात बस बंद पडली होती ती गोष्ट त्यांनी सुरू केली. प्लंबरला गोष्टी ऐकायची हौस होती आणि मोठ्या माणसाचं बोलणं ऐकताना हात चालवणं त्याला बेअदबीचं वाटत असावं. त्याने हातोडी खाली ठेवली. घाट संपल्यावर हातोडी उचलली. नानांनी नवापूरच्या एका प्रवाशाच्या कोंबड्यांची गोष्ट काढली. हातोडी पुन्हा खाली. मग प्लंबरने वडिलांच्या हातपंपाची एक सांगितली, ती चांगली लांब होती.

शेवटी एक टाईल फुटली. मागे पाहिलं तर भिंत ठणठणीत कोरडी.

नानांनी खुर्चीतून वाकून ती कोरडी भिंत पाहिली. मग नाना अगदी मऊ आवाजात म्हणाले, "फर्स्ट क्लास?"

प्लंबरचे कान लाल झाले. "ही टाईल मन्हाकडथून," तो म्हणाला आणि हातभर उजवीकडे फोडायला लागला. तिथे सापडलं. जुना लोखंडी सांधा गंजून चाळणी झाला होता आणि त्यातून पाणी बारीक धारेने निघत होतं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "आते कितला टाईम लागी, भाऊ?"

"अर्धा-पाऊण घंटा. सांधा बदली, सोलरनी नळी जागावर लाई, हुई गे."

"मंग अर्धा रोज," नाना म्हणाले.

"अर्धा रोज नही व्हस, नाना. आजना दिवस तुम्हना. दुसरं काम सोडी उनू मी."

नाना खुर्चीतून उठले. आता बसच थांबवणार, असा त्यांचा चेहरा झाला. तेवढ्यात सासूबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"रोज ते पुरा देनाच शे ना?" त्या म्हणाल्या. "मंग भाऊ, तुम्ही इकडे या."

त्या त्याला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. घर बांधलं तेव्हापासून त्या तिथे बसून, बादलीने पाणी नेऊन भांडी घासत होत्या. गुडघे दुखतात म्हणून कधी तक्रार केली नाही, निदान आमच्यासमोर नाही. त्यांनी कमरेइतक्या उंचीवर भिंतीला बोट लावलं. इथे नळ, इथे कडाप्प्याचा ओटा तयारच आहे, याच्याखालून पाणी पपईच्या झाडाकडे. मग स्वयंपाकघरातलं तुंबणारं सिंक. मग वॉशिंग मशीनची नळी, जी आम्ही दोरीने खिडकीला बांधत होतो. हे सगळं त्यांच्या मनात इतकं तयार होतं की त्या कुठेही अडखळल्या नाहीत.

"आणि तुम्हीन," त्या नानांकडे वळल्या, "दुकानमां जा. एक एल्बो आना."

नाना सायकलवर गेले, एल्बो म्हणजे नळीला वळण द्यायचा तुकडा घेऊन आले. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की सांध्यांना गुंडाळायचा टेपही लागेल. टेप आला तर तोटी. तोटी आली तर तिची चकती. मी सासूबाईंना म्हटलं, एकदाच सगळं सांगितलं असतं तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते घरमां ऱ्हायनात ते भाऊना हात थांबस," त्या म्हणाल्या.

नाना सायकलवर असताना प्लंबरने इतकं काम उरकलं की मी बघतच राहिले. संध्याकाळपर्यंत पाचही कामं झाली. त्याने अंग पुसलं, पांढरा शर्ट चढवला, ठरल्याप्रमाणे आधीचे दोनशे वजा करून सहाशे घेतले. चार दिवसांनी तो फोडलेल्या दोन टाईल बसवायला आला. आमच्या जुन्या रंगाची टाईल आता मिळत नव्हती. त्याने स्वतःच्या पसंतीने आणल्या होत्या, मोठ्ठा गुलाबी गुलाब असलेल्या. "भारी शे ना?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा पाहून सासूबाई म्हणाल्या, भारी शे. राखाडी भिंतीवर ते दोनच गुलाब फुलले आहेत. आंघोळ करताना त्यांच्याकडे पाठ करून बसावं लागतं.

भिंत वाळायला बरेच दिवस लागले. तोवर मंडळातले तिघे मित्र एकदा चहाला आले आणि मागच्या अंगणात बसले. आठशे रुपयांत पाच कामं कशी करून घेतली, हे नाना त्यांना समजावून सांगत होते. माणूस रोजावर लावायचा, वर पूर्ण दिवस ठेवायचा आणि कामं आधीच काढून ठेवायची, ही सगळी युक्ती आपली, असा एकूण सूर होता. मित्र माना डोलावत होते. सासूबाई तिथेच उभ्या राहून नव्या नळाखाली कपबशा विसळत होत्या. नाना अगदी रंगात आले तसं सासूबाईंनी नळाची तोटी पूर्ण फिरवली. पाणी कडाप्प्यावर धो-धो आपटायला लागलं, आणि पुढचं एक अक्षरही कुणाला ऐकू आलं नाही.