मंत्र्याच्या घरचे बटाटे

अक्का बाजारातून आल्या की चपला काढायच्या आधी उंबऱ्यातूनच भाव सांगतात. "बटाटे कालच्याइतकेच. अंडी चढली. तेलाचं तर विचारूच नका." विचारलेलं कुणीच नसतं. भाची डबे भरण्यात गुंतलेली, तिचा नवरा गालाला फेस लावून आरशासमोर उभा. तो फेसातूनच म्हणतो, "मावशी, आम्ही काय सरकार चालवतो?" हा विनोद त्यानं इतक्यांदा केलाय की आता त्याचं त्यालाही हसू येत नाही, पण तो केल्याशिवाय त्याची दाढी काही पुरी होत नाही.

अक्कांची दुसरी खोड याहून वाईट. भाव करायला उभ्या राहिल्या की हलायचं नाव नाही. अखेर विकणारा कंटाळून भावात एकाने उतरतो, एकानेच, आणि अक्का गड जिंकल्यासारख्या घरी येतात. "गुडघे दुखतात म्हणून कण्हायचं आणि एकासाठी उन्हात ताटकळायचं!" भाची करवादते. अक्का ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. स्वभावाला औषध नाही, असं भाचीचं मत. पण हा स्वभाव नव्हे, लागलेली सवय आहे, आणि ती कुठे लागली ते अक्कांना चांगलं ठाऊक आहे.

लागली साहेबांच्या घरी. अक्का त्या घरी स्वयंपाकाला लागल्या तेव्हा तरुण होत्या, नवरा नुकताच गेला होता, आणि साहेब अजून मंत्री वगैरे काही नव्हते. संसदेत विरोधी बाकावर बसायचे, कोपरं झिजलेला कोट घालायचे आणि महागाईवर बोलायला उठले की समोरच्यांना घाम फोडायचे. त्यांच्या बोलण्यातली सगळी धार अक्कांच्या पिशवीतून आलेली असायची. सकाळी अक्का बाजारातून आल्या की साहेब चहाचा कप घेऊन टेबलाशी यायचे. टेबलावर हिरवं मेणकापड होतं, एका कोपऱ्यात सुरीनं चिरलेलं. अक्का त्यावर पिशवी ओतायच्या आणि एकेका जिनसावर हात ठेवून भाव सांगायच्या. साहेब दर वेळी एवढंच विचारायचे, "कालच्यापेक्षा?"

दुपारी ते सभागृहात "आज सकाळी माझ्या घरी" अशी सुरुवात करायचे, आणि सरकारी आकड्यांचे कागद घेऊन बसलेल्यांची पाचावर धारण बसायची. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ते ऐकू यायचं. आपण सकाळी आणलेली अंडी दुपारी संसदेत पोचली, याचा अक्कांना भारी आनंद व्हायचा. रेडिओ जुना होता, मधेच त्याचा घसा बसायचा. मग अक्का त्याच्या पाठीत एक थापटी मारायच्या आणि तो निमूट बोलू लागायचा.

संध्याकाळी भाषणाची तालीमही तिथेच. साहेबांच्या पत्नी, म्हणजे बाईसाहेब, शाळेत शिकवायच्या. त्या वह्या तपासता तपासता म्हणायच्या, "मला नका सांगू, मला झोप येते. अक्कांना सांगा." मग साहेब फळीवरचे डबे खाली काढायचे. पिठाचा डबा म्हणजे लोकांनी भरलेले कर, साखरेचा डबा म्हणजे काढलेलं कर्ज, आणि रिकामं पातेलं म्हणजे सरकारचा खर्च. पिठाचा डबा संपला की साखरेच्या डब्यात हात जातो, याला तूट म्हणतात.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंच ना?" अक्का एकदा म्हणाल्या.

"तिथंच तर गोम आहे," साहेब म्हणाले. "अंथरूण एकाच्या ताब्यात आणि पाय सगळ्यांचे."

हे वाक्य दुसऱ्या दिवशी रेडिओवर आलं आणि सभागृहानं बाकं वाजवली. त्या दिवशी भाजी करपली. कुणी एका शब्दानं बोललं नाही. असे ते दिवस होते. आता त्यांची आठवण निघाली की अक्कांना आधी त्या मेणकापडाचा वास येतो, मग साहेबांचा आवाज.

पुढे निवडणुका झाल्या, वारं फिरलं, आणि साहेब व्यापारमंत्री झाले. दारापुढे गाडी आली, फाटकाशी शिपाई आला, कोट मात्र तोच राहिला. बाजाराला गाडीतून जा, असं शिपायानं अक्कांना सुचवलं. "चार बटाट्यांना मोटार? लोक तोंडात शेण घालतील," म्हणत त्या पायीच निघाल्या. इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती बाजारात पोचल्यावर.

बाजारात एक चष्मेवाला बटाटे विकायचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, जीभ मात्र धडधाकट. अक्कांची आणि त्याची वर्षानुवर्षांची जुगलबंदी. त्या दिवशी अक्कांना राहवलं नाही. "नीट भाव सांग हो," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "आमच्या साहेबांना मी रोज सकाळी भाव सांगते. तुझ्या तोंडचा आकडा थेट मंत्र्याच्या कानात जातो."

चष्मेवाल्यानं चष्मा पुसला. बटाटे दोनाने उतरले. पलीकडची अंडीवाली ऐकत होती, तिची अंडी उतरली. आठवडाभरात तेलवाल्यानंही मान तुकवली. अक्कांना वाटलं, आपली जीभ आता खरी तयार झाली. चष्मेवाला हात जोडायचा, "अक्का, तुमच्यापुढे आमचं काय चालणार?" आणि अक्का हरभऱ्याच्या झाडावर चढत चढत पार शेंड्याला पोचल्या. शेजारच्या बंगल्यांतल्या स्वयंपाकिणींना त्या भाव करायची शिकवणी देऊ लागल्या. त्या बिचाऱ्या शिकवल्याप्रमाणे बोलायच्या आणि दीडपट दराने घेऊन यायच्या. "तोंडात जोर हवा," अक्का त्यांना सुनवायच्या.

घरी टेबलाशी साहेब विचारायचे, "कालच्यापेक्षा?"

"उतरले," अक्का म्हणायच्या. रोज, थोडे थोडे.

आता, ही साधी घरगुती बढाई राहिली असती तर गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. पण त्याच सुमाराला अर्थमंत्री साहेबांच्या मागे लागले होते. तिजोरीत खडखडाट होता. तेल, पीठ आणि बटाटे लोकांना स्वस्त मिळावेत म्हणून सरकार पदरचे पैसे घालत असे, ती सवलत त्यांना काढून टाकायची होती. साहेब अडून बसले होते. "बाजार उतरला तरच मी हो म्हणेन," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. खात्याचे कागद म्हणत होते, बाजार उतरलेला नाही. अक्कांची पिशवी म्हणत होती, उतरला. "कागद महिन्याभरापूर्वीचा असतो, अक्कांची पिशवी आजची असते," असं म्हणून साहेबांनी पिशवीवर विश्वास ठेवला आणि होकार दिला.

चर्चेच्या दिवशी अक्का रेडिओशी कान लावून बसल्या होत्या. साहेब उठले. बाजार खाली येतोय, सवलतीची गरज संपत आलीय, असं सांगून म्हणाले, "काल माझ्या घरी बटाटे नऊने आले."

मग समोरच्या बाकावरच्या एक डॉक्टरीणबाई उठल्या. "अध्यक्षमहाराज, मंत्र्यांनी त्या दुकानाचा पत्ता द्यावा. सभागृह तासभर तहकूब करा. आम्ही सगळे पिशव्या घेऊन निघतो. आम्हाला पंधराने मिळतात."

सभागृह असं हसलं की रेडिओ फाटतो की काय असं वाटलं. हशा थांबेचना. साहेबांनी पुढे काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तो ऐकूच आला नाही. अक्कांनी रेडिओ बंद केला. संध्याकाळी साहेब आले, न जेवता खोलीत गेले. अक्कांना काही विचारलं नाही, आणि तेच अक्कांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्का निघाल्या, पण नेहमीच्या वाटेनं नाही. बसनं गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, कारखान्यांजवळच्या बाजारात. तिथे त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं. त्यांनी बटाटे विचारले. पंधरा. त्या हसल्या, रागावल्या, निघून गेल्यासारखं केलं, परत आल्या. सगळे डावपेच लढवून झाले. विकणारी बाई शेवटी म्हणाली, "घ्यायचे तर घ्या, नाहीतर मागच्यांना पुढे येऊ द्या." मागे बायकांची रांग होती. कुणी किलो घेत नव्हतं, सगळ्या पाव-पाव मागत होत्या. अक्कांनी पंधराने घेतले.

परतताना त्या चष्मेवाल्यापुढे उभ्या राहिल्या. "खरं सांग. मला नऊने का देतोस?"

चष्मेवाला आधी आढेवेढे घेऊ लागला. मग म्हणाला, "अक्का, तुम्हीच सांगितलंत ना, आकडा मंत्र्याच्या कानात जातो. मग कोण वेडा खरा आकडा सांगेल? उद्या वजनकाटे तपासायला माणसं यायची."

"आणि तुझा तोटा?"

"तोटा कसला? बाकीच्या गिऱ्हाइकांवर थोडा थोडा चढवला."

अक्कांना घराची वाट त्या दिवशी फार लांब वाटली. गप्प बसता आलं असतं. साहेबांनी विचारलं नव्हतं, कुणाला कळलं नसतं. पण गप्प बसलं तर दोन दिवसांनी मतदान होतं, सवलत जाणार होती, आणि त्या पाव-पाव घेणाऱ्या बायका डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. सांगितलं तर साहेब पुन्हा कधी त्या टेबलाशी चहा घेऊन येणार नाहीत, याची त्यांना खात्री होती. उभ्या आयुष्यात त्यांनी कमावलेलं काही असेल तर ते एवढंच होतं, की सकाळी एक माणूस येऊन त्यांना विचारत होता.

त्या घरी आल्या. मेणकापडावर त्यांनी दोन ढीग ओतले आणि साहेबांना हाक मारली. "हे आपल्या बाजारातले, नऊचे. हे तिकडचे, पंधराचे. बटाटे एकाच जातीचे आहेत." मग सगळं सांगून टाकलं, चष्मेवाल्याचं शेवटचं वाक्यसुद्धा. "मला वाटलं माझ्या तोंडाचा जोर आहे. जोर तुमच्या नावाचा होता, साहेब. मी उगाच मिरवत होते." आणि त्यांना रडू कोसळलं.

साहेबांनी पंधराच्या ढिगातला एक बटाटा उचलून हातात फिरवला. "मीही मिरवलंच की, अक्का," ते म्हणाले. "तुम्ही बाजारात, मी संसदेत."

"ते कालचं खोडून नाही का टाकता येणार?"

"तिथं बोललेलं सगळं लिहून ठेवतात. खोडता येत नाही. त्याच्याखाली खरं लिहून घेता येतं, एवढंच."

त्या दुपारी रेडिओवर साहेब म्हणाले, "काल मी सांगितलेला भाव बाजाराचा नव्हता, मंत्र्याच्या घरचा होता. माझे बटाटे स्वस्त होते, कारण त्यातली तूट माझे शेजारी भरत होते. चूक माझी आहे. त्याची नोंद व्हावी. आणि माझा होकार मी मागे घेतो." या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी अक्कांचा उल्लेख केला नाही. तो सगळा दोष त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतला, आणि अक्का रेडिओपुढे पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. साहेबांवर त्यांचं किती प्रेम आहे हे त्यांना तेव्हा कळलं, धाकट्या बहिणीचं थोरल्या भावावर असतं तसं.

सवलत त्या वर्षी वाचली. साहेबांचं मंत्रिपद वाचलं नाही. महिन्याभरात खातं दुसऱ्याकडे गेलं, अर्थमंत्र्यांनी बोलणं टाकलं, गाडी गेली, शिपाई गेला. सगळे म्हणाले, एवढ्या हुशार माणसानं बटाट्यांपायी खुर्ची घालवली. बाईसाहेब म्हणाल्या, "बरं झालं, फाटक उघडताना तो शिपाई सलाम करायचा, मला लाजल्यासारखं व्हायचं."

आज ते घर विकलं गेलंय. आधी साहेब गेले, मग बाईसाहेब. तो रेडिओ अक्कांनी मागून घेतला होता, तोही आता थापटीला दाद देत नाही. पण खातं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ अक्कांना कालची वाटते.

त्या दिवशी त्या चष्मेवाल्याकडे गेल्या. बातमी बाजारात आधीच पोचली होती. हात जोडणं नाही, काही नाही. "पंधरा," चष्मेवाला म्हणाला. गरज सरो, वैद्य मरो. अक्कांनी पदर खोचला आणि सुरुवात केली. तो वैतागला, त्या हटल्या नाहीत. ऊन वर आलं. गिऱ्हाइकं खोळंबली, काही थांबून मजा बघू लागली. शेवटी चष्मेवाल्यानं तागडी आपटली. "चौदाने घ्या, पण जा!"

घरी साहेब टेबलाशी बसले होते. समोर चहाचा कप होता आणि कुठे जायची घाई नव्हती. अक्कांनी पिशवी ओतली. साहेबांनी बटाट्यांकडे पाहिलं, मग अक्कांच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे.

"कितीने?"

"चौदा. पंधरा सांगत होता."

साहेब हसले. कित्येक दिवसांनी हसले. "नऊपर्यंत उतरवलेले सगळे माझे होते, अक्का," ते म्हणाले. "हा एक मात्र तुमचा."

आणि त्यांनी चहा अर्धा बशीत ओतून बशी अक्कांपुढे सरकवली.